भडकलेला स्टोव्ह आणि पहिलं जेट इंजिन

जुना_फिटर

परवा पुतण्या सांगत होता, "काका, जेट इंजिनात एवढं आहे काय? हवा आत ओढायची, दाबायची, पेटवायची, मागून सोडायची." चार क्रियापदांत विषय आटोपला. म्हटलं, बाबा रे, त्यातल्या तिसऱ्या क्रियापदानं भल्याभल्यांची झोप उडवली होती. तोवर तो मोबाईल घेऊन गॅलरीत गेला होता, म्हणून इथे लिहितोय.

मी विमानाचं इंजिन कधी उघडलेलं नाही. आयुष्य गेलं डिझेल इंजिनं आणि टर्बोचार्जर यांत. पण टर्बोचार्जर हा जेट इंजिनाचा गरीब चुलतभाऊ. एकाच दांड्यावर एका टोकाला हवा दाबणारं चाक, दुसऱ्या टोकाला गरम वायूवर फिरणारं टर्बाइन. त्यामुळे फ्रँक व्हिटलची गोष्ट मला आपल्याच शॉप फ्लोअरवर घडल्यासारखी वाटते.

व्हिटल १९०७ चा, कॉव्हेंट्रीचा. रॉयल एअर फोर्समध्ये शिकाऊ कारागीर म्हणून लागला आणि हुशारीच्या जोरावर क्रॅनवेलच्या अधिकारी-वैमानिकांच्या कॉलेजात पोचला. १९२८ मध्ये तिथे लिहिलेल्या प्रबंधात त्याचं म्हणणं होतं की फार वेगानं आणि फार लांब जायचं तर फार उंचावर, विरळ हवेत उडायला हवं. पण तिथे पिस्टन इंजिनाचा दम कोंडतो आणि पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ गेली की पंखा नुसताच घुसळत बसतो. १९२९ मध्ये त्याला उत्तर सुचलं: टर्बाइननं पंखा फिरवायचाच नाही, फक्त हवा दाबणारं चाक फिरवायचं आणि उरलेला गरम झोत मागे सोडून द्यायचा. हवाई मंत्रालयानं कल्पना ए. ए. ग्रिफिथ या तज्ज्ञाकडे पाठवली, त्यांनी नापास केली. १६ जानेवारी १९३० ला व्हिटलनं पेटंटचा अर्ज केला. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे ५ पौंड भरायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे ते नव्हते, मंत्रालयानंही भरले नाहीत. पेटंट गेलं.

१९३६ मध्ये दोन जुन्या सहकाऱ्यांनी भांडवल जमवून पॉवर जेट्स नावाची कंपनी काढली. व्हिटल तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होता. नोकरी हवाई दलाची, त्यामुळे या कामाला आठवड्यातून ६ तासांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत अशी वरून ताकीद. (६ तास! आमच्याकडे एक गॅस्केट मंजूर व्हायला तेवढे लागायचे.)

इंजिन बांधलं रग्बीच्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत. हवा चौपट दाबायची होती, तीही एकाच चाकात. तोवर पिस्टन इंजिनांच्या सुपरचार्जरमध्ये (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपात) एका चाकानं जेमतेम अडीच पट दाब मिळायचा. हे चाक फिरवायला सुमारे ३००० अश्वशक्ती लागणार, आणि ती द्यायची होती जेमतेम हातभर व्यासाच्या टर्बाइननं.

१२ एप्रिल १९३७. विजेच्या मोटरनं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांपर्यंत फिरवलं, ठिणगी दिली, इंधनाचा मुख्य व्हॉल्व्ह उघडला. इंजिन किंचाळत वर चढू लागलं. व्हिटलनं व्हॉल्व्ह बंद केला, तरी ते चढतंच राहिलं. ज्वलनपेटीच्या पत्र्यावर लाल डाग उमटले. आजूबाजूचे कामगार पळाले. व्हिटल जागेवर होता, पण तो शूर होता म्हणून नव्हे. भीतीनं पाय हलेनात, हे त्यानंच नंतर सांगितलंय. सुमारे ८००० फेऱ्यांपर्यंत जाऊन इंजिन आपोआप उतरलं. मग कारण सापडलं: आधीच्या तपासणीत गळलेलं इंधन पेटीच्या तळाशी साठलं होतं. व्हॉल्व्ह बंद होता, पण जेवण आधीच ताटात वाढलेलं होतं.

हा प्रकार मी डिझेलवर पाहिलाय. एका कारखान्यात (नाव नको) टेस्ट बेडवर टर्बोचं सील गेलं आणि इंजिन स्वतःचंच तेल पिऊ लागलं. डिझेल बंद केलं तरी इंजिन सुसाट. आमच्या एका हेल्परनं हवेच्या तोंडावर ओलं पोतं आणि वर फळी दाबली, तेव्हा ते गुदमरून थांबलं. मी कुठे होतो? दाराबाहेर. म्हणून व्हिटलच्या न हललेल्या पायांबद्दल मला आदर आहे.

आता ते तिसरं क्रियापद. पंपाचा स्टोव्ह आठवा. स्पिरिटचा काकडा लावून बर्नर तापवायचा. मग रॉकेल तापलेल्या नळीतून वर जातं, वाफ होतं, बारीक भोकातून सुटतं, निळी ज्योत. बर्नर नीट तापला नसेल तर कच्चं रॉकेल वर येऊन भडका. काजळी धरली की पिन मारा. व्हिटलनं मधली दोन-तीन वर्षं हेच केलं. ज्योतीतून नळ्या नेऊन इंधनाची वाफ करायची. नळ्या वाकायच्या, काजळीनं तुंबायच्या, एक बाजू लालबुंद तर दुसरी थंड. फरक इतकाच की त्याला तेवढ्याच जागेत तोवरच्या कुठल्याही भट्टीच्या किमान वीसपट उष्णता काढायची होती, तीही वादळी वाऱ्यात. एका औद्योगिक प्रदर्शनात तो बर्नरवाल्यांच्या स्टॉलांवर फिरला. हे आकडे ऐकून बहुतेकांनी हात झटकले, एडिंबरोच्या लेडलॉ-ड्रू या छोट्या कंपनीनं काम घेतलं.

पहिलं इंजिन बदललं, दुसरं मे १९३८ मध्ये टर्बाइन तुटून संपलं, तिसऱ्यात एका मोठ्या पेटीऐवजी दहा छोट्या पेट्या आल्या. १९४० मध्ये शेल कंपनीच्या आयझॅक लबकनं वाफेचा नाद सोडायला लावणारा बर्नर दिला. इंधन दाबानं बारीक छिद्रातून तुषारासारखं फवारायचं. स्टोव्हची पिन कायमची सुटली.

१५ मे १९४१ ला क्रॅनवेललाच, दिवसभराचं ढगाळ हवामान संध्याकाळी निवळल्यावर, जेरी सेयरनं ग्लॉस्टर ई.२८/३९ हे विमान १७ मिनिटं उडवलं. पुढच्या काही दिवसांत मिळून सुमारे १० तास उड्डाण झालं. त्याच आवारात १३ वर्षांपूर्वी पोरगेल्या व्हिटलनं प्रबंध लिहिला होता.

चुका असतील तर कान धरा.


बंड्या_बावधन

वाचनखूण साठवली. "जेवण आधीच ताटात वाढलेलं होतं" हे भारी.


चिकित्सक_बोका

लेख झकास, पण "पहिलं" या शब्दावर हरकत. ई.२८/३९ उडालं त्याच्या पावणेदोन वर्षं आधी, २७ ऑगस्ट १९३९ ला, जर्मनीत रोस्टॉकजवळ एरिख वार्जित्सनं हाइंकेल १७८ उडवलं होतं. इंजिन हान्स फॉन ओहाइनचं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला पाच दिवस बाकी. शीर्षक बदला.


जुना_फिटर

बोकोबा, उड्डाणात जर्मन पहिले, मान्य, आणि ते लेखात यायला हवं होतं. पण शीर्षकात मी उडण्याचं म्हटलं नाही. ओहाइनची गोष्ट तुम्हीच लिहा, तुमच्याकडे मसाला जास्त दिसतोय.


चिकित्सक_बोका

लिहितो. ओहाइन व्हिटलपेक्षा साडेचार वर्षांनी लहान, ग्योटिंगेनला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. इंजिनिअर नव्हता, हे त्याच्या पथ्यावरच पडलं असावं. त्याची गाडी जिथे दुरुस्त व्हायची त्या गॅरेजमध्ये मॅक्स हान नावाचा मेकॅनिक होता. ओहाइननं खिशातले पैसे घालून हानकडून पत्र्याचं एक मॉडेल बनवून घेतलं. पेट्रोल आत जळण्याऐवजी बाहेर येऊन जळायचं, मागून ज्वाळा, आणि फिरवायची मोटर बंद केली की चाक थांबायचं. थोडक्यात भडकलेला स्टोव्हच.

त्याच्या प्राध्यापकांनी, रॉबर्ट पोल यांनी, विमान कारखानदार एर्न्स्ट हाइंकेलला पत्र लिहिलं. हाइंकेलला वेगाचं वेड. एप्रिल १९३६ मध्ये त्यानं ओहाइनला कामावर घेतलंच, शिवाय हानलाही घेतलं. गॅरेजवाल्यालाही सोबत नेणारा मालक मला आवडतो.

आणि आता तुमच्या मुद्द्याला बळ देणारी गोष्ट. ओहाइनला कळलं होतं की पेट्रोलचं ज्वलन जमवत बसलो तर मालकाचा धीर सुटेल. म्हणून १९३७ चं पहिलं प्रात्यक्षिक इंजिन त्यानं हायड्रोजन वायूवर चालवलं. हायड्रोजन कसाही जळतो. इंजिन चाललं, हाइंकेल खूश, पैसे सुटले, आणि द्रव इंधनाची पेटी मागाहून तयार झाली. अवघड प्रश्न पुढे ढकलून सोपा आधी दाखवायचा. व्हिटल मात्र पहिल्या दिवसापासून द्रव इंधनाशीच झुंजत होता.


जुना_फिटर

हे हायड्रोजनचं मी लेखात घालायला हवं होतं. दंडवत.


उडती_तबकडी

सगळं परदेशी कौतुक! १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, तेही पाऱ्याच्या इंजिनावर. त्याबद्दल एक ओळ नाही?


मंदाकिनी_र

तबकडीताई/भाऊ, तळपद्यांना या विषयाची मनापासून ओढ होती हे खरं. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राच्या पोथीचा आधार दिला जातो, तिच्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच सविस्तर लिहिलंय. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला. इथे आगीचं चाललंय.

जुना_फिटर, एक शंका. वाऱ्यात ज्योत टिकवण्याची युक्ती नेमकी काय? जरा इस्कटून सांगा.


जुना_फिटर

मंदाकिनीताई, एस्टी स्टँडवर वाऱ्यात बिडी पेटवणारा माणूस आठवा. दोन्ही तळव्यांचा आडोसा करतो, आतल्या शांत हवेत काडी जगते. जेटच्या पेटीत तोच आडोसा लोखंडाचा. आलेली सगळी हवा ज्योतीवर सोडत नाहीत. थोडीच हवा पुढच्या भागात घेतात, तीही तिरक्या पात्यांमधून गिरकी देऊन, म्हणजे मध्ये भोवरा होऊन जळलेला वायू उलटा फिरून नव्या इंधनाला पेटवत राहतो. उरलेली बहुतेक हवा ज्योतीला वळसा घालून मागच्या भोकांतून मिसळते.

ही मागची हवा फुकट जात नाही. ज्योत जिथे जळते तिथलं तापमान कुठल्याच पात्याला सोसणारं नसतं. म्हणून टर्बाइनपर्यंत जाण्याआधी त्यात थंड हवेचं विरजण लावावं लागतं. ते नीट मिसळलं नाही तर एखादंच पातं भाजतं, आणि मिनिटाला १६,५०० फेऱ्यांवर एक पातं सुटलं की इतरांनाही घेऊन जातं.


बंड्या_बावधन

विरजण शब्द काळजाला भिडला. पण पातं बनवायचं कशाचं? तेव्हा असा धातू होता का?


जुना_फिटर

तीच दुसरी बोंब. साधं पोलाद तापलं की ताणाखाली हळूहळू लांबतं. तुटत नाही, नुसतं लांबत राहतं आणि एक दिवस बाहेरच्या कवचाला घासतं. ब्रिटनमध्ये माँड निकेल कंपनीनं निकेल-क्रोमियमचा निमोनिक ८० नावाचा मिश्रधातू काढला आणि निभावलं. पातं चकतीत बसवायचं कसं, हाही घोळ होता. गोलसर बुडाची पाती चकतीच्या खाचेशी चिरकायची. मग व्हिटलच्या मंडळींनी देवदाराच्या झाडासारखी, खाली निमुळती होत जाणारी दातेरी बुडं केली. एका दातावर येणारा भार चार-सहा दातांत वाटला गेला. आजही बहुतेक जेट इंजिनांच्या टर्बाइनचं पातं उपटून पाहा, बूड तसंच.


चिकित्सक_बोका

जर्मनांकडे निकेल-क्रोमचाच दुष्काळ. मेसरश्मिट २६२ या जेट लढाऊ विमानाचं यूमो ००४ इंजिन, ते बनवणाऱ्यांचे प्रमुख आन्सेल्म फ्रान्झ. हवा एका मोठ्या चाकानं बाहेर फेकून दाबण्याऐवजी एकामागे एक आठ पंख्यांतून सरळ मागे नेत दाबायची, म्हणजे अक्षीय पद्धत. त्यामुळे इंजिन सडपातळ. पण युद्धात चांगला धातू मिळेना, म्हणून ज्वलनपेट्या साध्या पोलादाच्या, वर ॲल्युमिनियमचा लेप. टर्बाइनची पाती पोकळ, आतून हवा खेळवून गार ठेवायची. परिणाम? इंजिनाचं आयुष्य १० ते २५ तास. त्याच काळातलं व्हिटलच्या वंशातलं रोल्स-रॉइस वेलंड १८० तास चालवून मग उघडायचे.

वैमानिकानं थ्रॉटल दांडगाईनं ढकलला तर इंजिन विझायचं नाहीतर जळायचं. आणि १८ जुलै १९४२ ला दोन जेट इंजिनांवरच्या पहिल्या उड्डाणात फ्रिट्झ वेंडेलची वेगळीच पंचाईत झाली. विमानाला मागे शेपटीचं चाक. शेपूट खाली असताना शेपटीचे पृष्ठभाग पंखांच्या सावलीत, त्यांना हवा लागेना, म्हणजे शेपूट उचलेना. शेवटी भर वेगात त्यानं क्षणभर ब्रेक दाबले, नाक झुकलं, शेपूट उचललं आणि विमान सुटलं. मोटारसायकलवर पुढचा ब्रेक दाबल्यावर काय होतं ते ज्यानं भोगलंय त्याला कळेल. पुढे नाकाखाली चाक बसवलं.


सूर_निरागस

मी गप्प वाचणारी. पण मध्ये कुठेतरी वाचलं होतं की जर्मनांनी इंजिनाच्या पात्यांसाठी व्हायोलिन वाजवणारा बोलावला होता. ही थाप आहे का?


चिकित्सक_बोका

थाप नाही, याच यूमो ००४ ची गोष्ट. पाती मध्येच थरथरून तुटायची. प्रत्येक पात्याला स्वतःचा एक सूर असतो. इंजिनाच्या एखाद्या गतीला सहा ज्वलनपेट्यांतून येणारे झटके त्या सुराशी जुळले की पातं गाऊ लागतं आणि गाता गाता तुटतं. फ्रान्झनं एका व्यावसायिक वादकाला बोलावलं. त्यानं पात्याच्या कडेवर गज ओढून कानानं सूर ओळखला. मग पात्यांची घडण बदलून आणि इंजिनाची कमाल गती थोडी उतरवून दोघांचा मेळ बसणार नाही असं केलं.


सूर_निरागस

म्हणजे आमच्या क्षेत्रात सूर जुळावा म्हणून रियाज आणि तिथे जुळू नये म्हणून. सतारीची तरफ आपोआप झंकारते तोच प्रकार. धन्यवाद, आता हे शिष्यांना सांगणार.


मंदाकिनी_र

जर्मन इंजिनाचं कौतुक वाचताना एक गोष्ट राहू नये. युद्धाच्या शेवटी ही इंजिनं नोर्डहाउझेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत बनवली जात होती, सक्तीनं धरून आणलेल्या मजुरांकडून. व्हायोलिनवाल्याची गोष्ट सगळे सांगतात, बोगद्यातल्यांची कोणी सांगत नाही.


चिकित्सक_बोका

बरोबर. मी लिहायला हवं होतं.


गॅलरीवाला

जर्मन-ब्रिटिश दोघेही उशिरा आलेत. १९१० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात रोमानियाच्या कोआंडाचं विमान होतं, तेच पहिलं जेट. आणि इटलीचं काप्रोनी-काम्पिनी?


जुना_फिटर

कोआंडाच्या विमानात पिस्टन इंजिनानं फिरवलेला पंखा होता, नळकांड्यातून हवा मागे फेकणारा. त्यात इंधन जाळल्याचा दावा त्यानं कित्येक दशकांनी केला, प्रदर्शनाच्या वेळी नव्हे. काम्पिनीचं विमान २७ ऑगस्ट १९४० ला उडालं खरं, पण त्यातही हवा दाबायला पिस्टन इंजिनच. टर्बाइन नाही. वजन भारी, वेग बेताचा. खरा मान द्यायचाच तर फ्रान्सच्या माक्सिम गियोमला द्या. टर्बाइनवाल्या जेटचं पेटंट त्यानं १९२१ मध्येच घेतलं होतं. पण कागदावर. कागद पेटवायला कोणालाही जमतो, तेच तर सांगतोय.

आणि ग्रिफिथना मी वर खलनायक करून ठेवलंय, तेही दुरुस्त करतो. १९२६ मध्ये अक्षीय पद्धतीचा पाया घालणारा निबंध त्यांनीच लिहिला होता. व्हिटलचं पसरट चाक त्यांना ओबडधोबड वाटलं. पुढच्या पिढ्यांत ग्रिफिथ खरे ठरले, आज मोठ्या विमानांत अक्षीयच चालतं. पण १९४१ मध्ये ब्रिटनचं विमान उडवलं ते ओबडधोबड चाकानंच. माणूस सिद्धान्तात बरोबर आणि निर्णयात चूक असू शकतो. आमच्या क्वालिटी खात्यात असे दोन होते.


ओझरचे_काका

माझी नोकरी ओझरला, मिग विमानांच्या कारखान्यात. नाशिककर "मिग" म्हणतात ते तेच. इंजिनं मात्र ओडिशात कोरापुटला बनायची. आपल्याकडचा धागा सांगतो. १९४८ मध्ये आपल्या हवाई दलात आलेलं व्हॅम्पायर विमान, त्याचं गॉब्लिन इंजिन फ्रँक हॅलफर्डचं, पण चाक व्हिटलच्याच पठडीतलं. १९५३ ची तुफानी, तिच्यात रोल्स-रॉइसच्या नीन इंजिनाची फ्रेंच आवृत्ती. हेच नीन ब्रिटिशांनी १९४६ नंतर रशियालाही विकलं. त्यांनी नक्कल केली आणि ती मिग-१५ मध्ये बसवली. कोरियाच्या युद्धात पाश्चात्त्य वैमानिकांच्या पाठीमागे लागलं ते व्हिटलचंच नातवंड.

रोल्स-रॉइसकडे हे काम आलं कसं तेही मजेशीर आहे. आधी ते रोव्हर या मोटार कंपनीकडे होतं आणि व्हिटलचं त्यांच्याशी विळ्याभोपळ्याचं. क्लिदरोच्या एका हॉटेलात जेवता जेवता अदलाबदल ठरली: रोव्हरनं जेट द्यायचं, बदल्यात रणगाड्याचं इंजिन घ्यायचं. रोल्स-रॉइसकडून ते काम सांभाळलं स्टॅन्ली हूकर यांनी. हेच हूकर पुढे ब्रिस्टलला गेले, आणि तिथलं ऑर्फियस इंजिन आपल्या नॅट आणि मरुत या लढाऊ विमानांत होतं. बंगळूरला एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं) ती बनवली.


बंड्या_बावधन

आणि व्हिटलचं पुढे काय झालं? पैसे तरी मिळाले का?


जुना_फिटर

कंपनी १९४४ मध्ये सरकारनं ताब्यात घेतली. व्हिटलनं आपले शेअर्स आधीच सरकारला देऊ केले होते, त्यामुळे त्याच्या पदरात फार पडलं नाही. १९४८ मध्ये एक लाख पौंडांचं बक्षीस आणि सर ही पदवी मिळाली. तब्येतीचं मात्र पार खोबरं झालं होतं. ताण, झोप नाही, जागं राहायला बेंझेड्रिनच्या गोळ्या, मज्जातंतूंचे झटके. १९७६ मध्ये तो अमेरिकेला गेला, १९९६ मध्ये तिथेच वारला. ओहाइनही युद्धानंतर अमेरिकेतच होता. दोघांची गाठ पडली, मैत्री झाली आणि १९९१ चं अभियांत्रिकीचं ड्रेपर पारितोषिक दोघांना मिळून मिळालं.


लेस्टरकर

धागा वर काढतोय. हे वाचून रविवारी लटरवर्थला जाऊन आलो, आमच्यापासून अर्ध्या तासावर. रग्बीतून व्हिटलचं काम १९३८ मध्ये इथेच हलवलं होतं. गावाबाहेरच्या एका गोल चौकाच्या मध्यभागी ई.२८/३९ ची पूर्ण आकाराची प्रतिकृती खांबावर बसवलीय, नाक आकाशाकडे. पंखांचा विस्तार ९ मीटरहूनही कमी, आपली एस्टी त्याहून लांब असते. फोटो काढायला चौकात थांबता येत नाही. मी तीन फेऱ्या मारल्या, चौथ्या फेरीला मागच्या व्हॅनवाल्यानं असा काही हॉर्न वाजवला की फोटोत नुसती शेपटीच आली.


जुना_फिटर

चालेल, शेपटीच टाका. झोत तिथूनच निघतो.